विज्ञानकथेतील घर : नाते, स्मृती आणि स्वातंत्र्य

१

मराठी विज्ञानकथेची समीक्षा गेली पन्नास वर्षे प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान कितपत ग्राह्य, हा पहिला प्रश्न. आणि त्या विज्ञानाच्या भाराखाली कथा दडपली जाते का, हा दुसरा. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांनी या वाङ्मयप्रकाराला लेखक मिळवून दिले. नारायण विनायक जगताप या टोपणनावाने १९७४ च्या स्पर्धेत पारितोषिक मिळविणारी ‘कृष्णविवर’ ही कथा डॉ. जयंत नारळीकर यांची होती, ही हकीकत आता सर्वपरिचित आहे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची गौरवपूर्वक दखल घेतली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी या प्रकाराचा विस्तार केला. २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथेला वाङ्मयाच्या मुख्य दालनात रीतसर जागा मिळाली. समीक्षेचे प्रश्न मात्र बदलले नाहीत. विज्ञान किती आणि कथा किती, या मोजमापापलीकडे चर्चा सहसा गेली नाही.

कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या लेखनात त्यांचे संशोधन आणि विज्ञानप्रसाराचे कार्य यांवर भर राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु लेखकाच्या निधनानंतर त्याचे साहित्य नव्याने वाचण्याची जबाबदारी अभ्यासकांवर येते. अशा पुनर्वाचनासाठी एक तिसरा प्रश्न उपयोगी पडेल, असे येथे सुचवावयाचे आहे. विज्ञानाने घडवून आणलेल्या बदलानंतर कथेतील घराचे काय होते? माणसे एकमेकांची कोण राहतात? कशाच्या आधारे राहतात? आणि त्या नात्यात कोणाला नकार देण्याची मुभा उरते?

हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला गेला. जपानी विज्ञानकथेने, विशेषतः ‘अ‍ॅनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सचेतन चित्रमालिकांनी, तो आरंभापासून केंद्रस्थानी ठेवला. म्हणून मराठी कथेकडे वळण्यापूर्वी त्या परंपरेतील काही ठळक कृतींकडे पाहणे उचित ठरेल. या मालिका मुलांसाठीची करमणूक म्हणून गणल्या जातात. त्यांतील प्रश्न मात्र प्रौढांचे आहेत.

२

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रकथा १९५२ मध्ये मासिकातून सुरू झाली. तिच्यावरील दूरदर्शन मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू होऊन १९६६ च्या अखेरीस संपली. तिचे १९३ भाग झाले. जपानबाहेर ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखली जाते. कथेचे बीज असे : डॉ. तेन्मा या शास्त्रज्ञाचा मुलगा तोबिओ अपघातात मरण पावतो. दुःखाने भ्रमिष्ट झालेला बाप त्याच्याच रूपाचा यंत्रमानव घडवितो. काही दिवस सुखाचे जातात. मग बापाच्या ध्यानी येते की हा मुलगा वाढत नाही. तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. तेथून प्राध्यापक ओचानोमिझु त्याची सुटका करतात, आणि पुढे त्याच्यासाठी यांत्रिक आईवडील तयार करतात.

या कथाबीजात पुत्रवियोगाची करुणा आहेच. परंतु तिच्या मुळाशी स्मृती आणि स्वातंत्र्य यांचा संघर्ष आहे. तेन्माला मुलगा नको होता, त्याला आठवण हवी होती. आठवण वाढत नाही, म्हणूनच ती जपता येते. ती आठवण शरीर धारण करून समोर उभी राहिली, तेव्हा नेमके तिचे न वाढणेच त्याला असह्य झाले. यंत्रबालकाचे स्वातंत्र्य सुरू होते ते तोबिओची जागा भरण्याच्या कामातून तो मोकळा झाल्यावर. दुसऱ्याची स्मृती होऊन राहण्याची सक्ती संपल्याखेरीज त्याला स्वतःचे नावही मिळत नाही. नंतर मिळालेले आईवडील वयाने त्याच्याहून लहान आहेत, कारण ते त्याच्यानंतर घडविलेले आहेत. नात्याचा क्रम येथे उलटा झाला आहे. तरीही ते कुटुंब कुटुंब म्हणून उभे राहते.

तेझुका यांनी आपल्या यंत्रमानवांसाठी जे कायदे कल्पिले, त्यांतील एक कलम अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याला घडविणाऱ्या माणसाला यंत्रमानवाने ‘वडील’ म्हटलेच पाहिजे, असे ते कलम आहे. आयझॅक आसिमोव्ह यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध तीन नियमांत यंत्र आणि माणूस यांचा संबंध सुरक्षिततेचा आणि आज्ञापालनाचा आहे. त्यांत नात्याचा शब्द नाही. तेझुका यांच्या जगात आज्ञापालनाला बापाचे नाव मिळते, आणि त्यामुळेच ते अधिक अवघड होते. आज्ञेविरुद्ध बंड करता येते. बापाविरुद्ध बंड करणाऱ्याला आधी स्वतःशी भांडावे लागते. एकत्र कुटुंबाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला या कलमातील प्रेम आणि जाच दोन्ही समजावून सांगण्याची गरज पडू नये.

फुजिको एफ. फुजिओ यांच्या ‘डोरेमॉन’मध्ये हेच सूत्र सौम्य रूपात येते. ही मालिका हिंदी रूपात भारतातील घराघरांत पोहोचली; ज्या घरांत मराठी आणि कन्नड बोलली जाते अशा दक्षिण कोल्हापुरातील घरांतही मुले ती हिंदीतून पाहत मोठी झाली. भविष्यातील वंशज आपल्या खापरपणजोबाचे आयुष्य सुधारावे म्हणून यंत्रमांजर भूतकाळात धाडतो, ही तिची मूळ कल्पना. पूर्वजांचे ऋण वंशजांनी फेडावे, ही आपल्याकडील धारणा येथे शब्दशः घडते, कारण नोबिताने केलेले कर्ज खरोखरीच पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर बसलेले असते. तिच्यातील एका गाजलेल्या कथेत नोबिता कालयंत्रातून दिवंगत आजीला भेटावयास जातो. समोरचा मोठा मुलगा म्हणजे आपला छोटा नातूच, हे ती आजी कोणताही पुरावा न मागता मान्य करते. कालप्रवासाची सारी यंत्रणा या एका क्षणासाठी राबविली गेली आहे. विज्ञान येथे नात्याची कसोटी घेते, आणि आजी त्या कसोटीला सहज उतरते.

हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ (१९९५–९६) या २६ भागांच्या मालिकेत ही सहजता उरत नाही. चौदा वर्षांच्या शिंजीला दुरावलेला बाप बोलावून घेतो तो एका महाकाय यंत्रात बसून लढण्यासाठी. त्या यंत्रात त्याच्या मृत आईचा अंश वसतो आहे. बापाची आज्ञा आणि आईची कूस एकाच यंत्रात भेटतात. त्यामुळे ‘नाही’ म्हणणे म्हणजे आईलाही सोडणे ठरते. शिंजी पळून जातो, परत येतो, पुन्हा नकार देऊ पाहतो. कौटुंबिक बंध हेच शस्त्र बनविले गेले तर मुलाच्या स्वातंत्र्याला जागा कोठे, हा या मालिकेचा खरा विषय आहे.

३

या पार्श्वभूमीवर नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिचे संक्षिप्त इंग्रजी रूप राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि त्यामुळे ती देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जेथे १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून गेली, एवढाच फरक. आणि त्या एवढ्याशा फरकातून सारा पुढचा इतिहास वेगळा झाला. परत आल्यावर पंतांजवळ पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान उरते. त्यांचे शास्त्रज्ञ मित्र पुंजवादाच्या आधारे या अनुभवाचा अर्थ लावतात.

या कथेची चर्चा बहुधा इतिहासाच्या ‘जर-तर’वर थांबते. तिच्यातील एक लहानसा प्रसंग मात्र दुर्लक्षित राहिला आहे. त्या परक्या मुंबईत पोहोचल्यावर पंत आपल्या मुलाचा, विनयचा, शोध घेतात. तो जेथे नोकरी करतो त्या कचेरीत ते जातात. तेथे त्या नावाचे कोणीही नाही, असे उत्तर मिळते. हा मुलगा या जगात कदाचित जन्मलाच नसेल, हे पंतांच्या मनात येते. आणि मग ते ग्रंथालयाकडे वळतात.

ग्रंथालयाकडे जाणाऱ्या या वाटेवर मराठी विज्ञानकथेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही एकत्र दिसतात. सामर्थ्य असे की, समांतर विश्वाची अमूर्त कल्पना एका बापाच्या विचारपुशीत उतरविण्याचे कौशल्य लेखकाने दाखविले. मर्यादा अशी की, ती विचारपूस काही ओळींत आटोपली. मुलगा नाही हे कळलेला बाप इतिहासाचे खंड चाळीत बसतो. आणि कथेला तेथे काही खटकत नाही. गंगाधरपंतांजवळ संपूर्ण स्मृती आहे. पण त्या जगात त्या स्मृतीला साक्षीदार नाही. सर्व पाशांतून ते मोकळे झाले आहेत. त्यांचे हे मोकळेपण म्हणजे स्वातंत्र्य की निर्वासितपण, हा प्रश्न कथेच्या अगदी दारापर्यंत येऊन परतला आहे.

तुलनेसाठी मामोरु ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) हा अ‍ॅनिमे चित्रपट घेता येईल. त्यात कचरागाडीवर काम करणारा एक सामान्य मनुष्य आहे. आपल्याला पत्नी आणि मुलगी आहे, अशी त्याची खात्री आहे. त्यांच्या आठवणी त्याच्या मनात ताज्या आहेत. त्या आठवणी कोणीतरी बाहेरून त्याच्या मेंदूत भरलेल्या आहेत, असे चौकशीत उघड होते. जवळ बाळगलेल्या छायाचित्रात पत्नी आणि मुलगी नाहीत. गंगाधरपंतांचे बखरीचे पान आणि या माणसाचे छायाचित्र ही दोन्ही स्मृतीची कागदपत्रे आहेत. पंतांचे पान त्यांची स्मृती खरी ठरविते. छायाचित्र त्या माणसाची स्मृती खोटी पाडते. परंतु पान खरे ठरविते ते पानिपतच्या विजयाला. विनय त्या जगात नव्हता, या आठवणीला कोणत्याही बखरीत पान नाही. जपानी चित्रपट त्या सामान्य माणसाच्या चेहऱ्यावर थांबतो. मराठी कथा आपल्या सिद्धांतावर थांबते.

‘वामन परत न आला’ या कादंबरीतही असाच एक दुवा सुटलेला दिसतो. लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून घडलेला यंत्रमानव वामन आपल्यासारखी यंत्रे निर्माण करू इच्छितो. मानवी दृष्टीने तो सर्वनाशाचा आरंभ असतो, आणि कादंबरीची सारी उत्कंठा हा धोका टाळण्यावर आधारलेली आहे. लेखकाची ही भीती निराधार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज चाललेली चर्चा पाहता ती द्रष्टेपणाची म्हणावी लागेल. परंतु आपल्यासारखे आणखी कोणी असावे ही इच्छा सत्तेची असू शकते, तशी ती एकटेपणाचीही असू शकते. वामनाला अनुयायी हवे आहेत की भावंडे, हे विचारण्याची उसंत कादंबरीने घेतली नाही. तेझुका यांच्या यंत्रबालकाला आईवडील मिळाले. वामनाच्या वाट्याला केवळ पुराणातील नाव आले. (‘प्रेषित’चा विचार येथे केलेला नाही, या प्रश्नाच्या दृष्टीने त्या कादंबरीला स्वतंत्र लेखच हवा.)

४

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात, आणि ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप रूपबंधाचा. १९३ भागांची मालिका आणि मासिकातील काही पानांची कथा यांची तुलना न्याय्य नाही, असे म्हटले जाईल. यात तथ्य आहे. दीर्घ मालिकेला पात्रांच्या सहवासाचा अवकाश मिळतो. परंतु नोबिताच्या आजीची कथाही आकाराने लहानच आहे. त्यामुळे विस्तार हे अपुरे कारण ठरते. विज्ञानकल्पनेचा भार कथेत नेमका कोठे टाकावयाचा, या निवडीचा हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप हेतूचा. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार हे नारळीकरांच्या लेखनाचे घोषित उद्दिष्ट होते. त्यांच्याकडून कौटुंबिक कथेची अपेक्षा धरणे अन्यायाचे होय. या आक्षेपालाही वजन आहे. ‘धूमकेतू’सारख्या त्यांच्या कथेत अंधश्रद्धेचा प्रश्न थेट घरात, पती-पत्नींच्या मतभेदात आणून ठेवलेला आहे, आणि तेथे प्रसाराच्या हेतूने घराचे चित्रण दुबळे झालेले नाही. म्हणजे लेखकाला घर वर्ज्य नव्हते. समीक्षेनेच त्या घराकडे कधी बोट दाखविले नाही. ज्या गुणाची दखल कोणी घेत नाही, तो गुण पुढच्या पिढीचे लेखक जोपासत नाहीत. स्पर्धेच्या परीक्षकांपासून विद्यापीठीय प्रबंधांपर्यंत वैज्ञानिक अचूकतेला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे नात्यांच्या चित्रणाला मिळाले नाही.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नाते, स्मृती यांसारखे विषय मराठी साहित्याच्या इतर प्रकारांनी समर्थपणे हाताळले असताना विज्ञानकथेवर त्यांचा भार कशाला? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट या संदर्भात आठवतो. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृतचे वृद्ध पंडित हत्तीच्या मागे चालत जाऊन हरवतात. हत्ती घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातील चन्नम्मा त्यांना मुलासारखे सांभाळते, आणि मुलगी इरा त्यांना शोधत राहते. ज्याला काहीच आठवत नाही त्याच्याशीही नाते राहू शकते, एवढेच नव्हे तर नवे नाते जुळू शकते, असे हा चित्रपट सुचवितो. स्मृती ही नात्याची अट नाही, हा त्यातील विचार तेन्माच्या कथेच्या नेमका उलट टोकाला जातो. मराठी संवेदनेला हा प्रश्न परका नाही, याची ही साक्ष आहे. पण आजार स्मृती काढून घेतो तेव्हा माणसापुढे निवड नसते. स्मृती काढता, घालता, बदलता येऊ लागली तर निवड करावी लागेल, आणि ती कोणी करावयाची हा स्वातंत्र्याचा प्रश्न होईल. तो विचारण्याचे साधन विज्ञानकथेजवळ आहे. वास्तववादी कथेजवळ ते नाही. म्हणून हा भार तिच्यावर आहे.

५

या चर्चेला गडहिंग्लजसारख्या ठिकाणी एक जादा अर्थ प्राप्त होतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी पुढे संकेश्वरला जाते, आणि सोयरिकीही तिच्याबरोबर सीमेपलीकडे जातात. एकाच घराण्यातील एका शाखेची मुले मराठी शाळेत शिकली, दुसरीची कन्नड शाळेत. रेघ काही मैल इकडे-तिकडे पडली असती तर आपण कोण असतो, हा विचार या भागातील कुटुंबांना पुंजवाद न शिकताही परिचित आहे. एका गोळीच्या अंतराने दोन इतिहास वेगळे होतात, ही गंगाधरपंतांची कथा येथील विद्यार्थ्याला केवळ कल्पनाविलास वाटणार नाही. येथील वर्गात ती कथा शिकविताना बखरीच्या पानाइतकाच विनयच्या कचेरीतील प्रसंग महत्त्वाचा ठरावा.

त्या दृष्टीने पदव्युत्तर वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. विज्ञानकथा हा घटक शिकविताना वैज्ञानिक संकल्पनेच्या स्पष्टीकरणानंतर तास संपवू नये. त्या संकल्पनेमुळे कथेतील कोणते नाते शक्य झाले आणि कोणते अशक्य झाले, याची मांडणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. आणि तौलनिक अभ्यासासाठी नेहमीच्या व्हर्न-वेल्स-आसिमोव्ह या त्रयीबरोबर तेझुका आणि त्यांच्या परंपरेतील कृतींचा समावेश करावा. विद्यार्थी त्या आधीच पाहून आलेले असतात. त्यांच्याकडे वाङ्मयीन प्रश्न घेऊन पाहावयाचे असते, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मराठी विज्ञानकथेने पहिल्या अर्धशतकात विज्ञानाला घराच्या दारापर्यंत आणले. दार उघडून आत पाहण्याचे काम पुढच्या लेखकांचे आहे, आणि दार कोठे आहे हे दाखविण्याचे काम अध्यापकांचे. विनय गायतोंडे त्या जगात जन्मलाच नसेल, तर त्याच्या बापाने त्याची आठवण कोणाच्या नावे जपावयाची, असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तर त्याला विषयांतर म्हणून गुण कापण्याऐवजी तेथून पुढचा तास सुरू करण्याची तयारी असावयास हवी.